सावडीची हजेरी

मावशीला मी कामावरून काढलं, असं खामगावात अजूनही बोललं जातं. कॉम्प्युटर आणला आणि पहिल्या दिवसापासूनच्या बाईला घालवलं, असं म्हणतात. बाजारातल्या एका किराणा दुकानदाराला मी त्याचं दुकान उघडल्यापासून पापड देत होते. त्यानं मला गिऱ्हाइकांसमोर हे विचारलं. मी त्याला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि त्या दिवसापासून त्याच्याकडं माझा माल जात नाही. राग आला की माझं असंच होतं. पण राग उतरल्यावर मनात जे उरतं ते दुकानदाराला सांगता येत नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

मी तिला काढलं नाही. तिला काढायचा विचार माझ्या मनात कधीच आला नव्हता. आणि तरी ती गेली.

माझी सुरुवात शेगावच्या लॉजांपासून झाली. घरी पापड लाटायचे, पिशव्या भरायच्या, एसटीनं शेगाव गाठायचं आणि खाणावळींच्या मागच्या दारानं आत शिरून आचाऱ्यांशी भाव करायचा. माझ्या घरी शेत नव्हतं, दुकान नव्हतं, पाठीशी कोणी नव्हतं. तोंड तेवढं होतं. भाव करता करता मी एक गोष्ट लवकर शिकले. जो आधी बोलतो तो खाली येतो. समोरचा आकडा सांगेपर्यंत पापड मोडून दाखवायचा, तळून दाखवायचा, घाम पुसायचा, पाणी मागायचं, पण आपला आकडा आधी सांगायचा नाही. या एका सवयीवर मी एमआयडीसीत पत्र्याचं शेड उभं केलं.

मावशी आली तेव्हा शेड नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरात दोन पोळपाट होते, एक माझा आणि दुसरा तिचा. वयानं ती माझ्याहून बरीच मोठी. रेल्वेरुळापलीकडच्या वस्तीत, विहाराच्या मागच्या गल्लीत तिचं घर. ती मला ‘बाई’ म्हणायची. आमच्याकडं मोठी बाई धाकटीला मायेनं तसं म्हणते. मी तिला मावशी म्हणायचे, आणि पुढं बाया वाढल्या तशी ती सगळ्यांचीच मावशी झाली. मला मात्र त्या काकू म्हणतात.

आमच्या दोघींचं जमलं ते भावामुळं. जगात माझ्याशी बरोबरीनं भाव करणारं कोणी असेल तर ती एकटी होती. शेडमध्ये आल्यावर तिनं प्रत्येक पाळीला दुसरा चहा मागितला. मी नाही म्हटलं. ती रोज माझ्या केबिनच्या दारात येऊन उभी राहायची आणि बायांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची, “चहा राहू दे, बाई. नुसतं पाणी तरी गरम करून देशील का?” बाया हसायच्या. मी चिडायची, आणि आतून मला मजाही वाटायची. शेवटी ठरलं की दुसरा चहा मी देईन, पण शेवटची लाटी संपल्याशिवाय कोणी उठायचं नाही. दोघींनाही वाटलं आपणच जिंकलो. असले सौदे आम्ही कितीतरी केले. ते आठवले की अजून हसू येतं, आणि मग हसू राहत नाही.

कारखान्यात दोन पाळ्या. सकाळची आणि दुपारची. गुरुवारी सुट्टी, कारण अर्ध्या बाया दर्शनाला शेगावला जातात. काम लाट्यांवर नाही, रोजावर. लाट्यांवर दिलं की पापड जाड होतो आणि कडेला फाटतो. पाळी सुरू होताना मावशी दारात उभी राहून रजिस्टरमधली नावं पुकारायची आणि बाया ‘हाव’ म्हणायच्या. मी केबिनमध्ये असायचे. मधे डाळ दळायची चक्की चालू असायची, त्यामुळं मला नावं ऐकू यायची, उत्तरं नाही.

माझ्या कारखान्याचा एक नावलौकिक होता. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस असो, पोळा असो, भीमजयंती असो, बुद्ध पौर्णिमा असो, माझ्याकडं पोळपाट रिकामा राहिला नाही. आजूबाजूच्या शेडांत त्या दिवशी कुलूप. शेजारचे मालक विचारायचे की तुम्हाला हे जमतं कसं. मी सांगायची की धाक लागतो. मला खरंच तसं वाटत होतं.

मग नागपूरच्या एका मोठ्या व्यापाऱ्यानं आमचे पापड त्याच्या छापाखाली घ्यायची तयारी दाखवली. त्याची अट अशी होती की कामगारांची हजेरी आणि कामाचे तास दर महिन्याला कॉम्प्युटरवरून पाठवायचे. रजिस्टर त्याला चालणार नव्हतं. मी आधी अंगठ्याची मशीन आणली. पण दिवसभर पीठ, तेल आणि पापडखार हाताला लागून बायांच्या अंगठ्यांवरच्या रेषा कुठं जागेवर राहतात? मशीन एकीलाही ओळखेना. ती परत केली. मग अकोल्याचा एक सॉफ्टवेअरवाला आला. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. जाताना तो म्हणाला की मॅडम, हे तुम्ही स्वतः करायला गेलात तर वर्ष लागेल. हे वाक्य त्यानं म्हणायला नको होतं.

मी दहावीपर्यंत शिकलेली. एक्सेल मी मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले, दुपारी पाळी बदलण्याच्या वेळेत, जेवणाचा डबा शेजारी ठेवून. पहिल्यांदा तारखाच उलट्या बसल्या. कॉम्प्युटर आधी महिना आणि मग दिवस वाचत होता. बारा तारखेपर्यंत सगळं गोड चाललं आणि तेराला सगळं कोसळलं, गुरुवार भलतीकडंच दिसायला लागले. स्क्रीनला शिव्या दिल्या. मग सेटिंग सापडली आणि पुढचं सोपं होत गेलं.

मला सगळ्यात आवडलं ते हे की कॉम्प्युटरसाठी तारीख म्हणजे नुसता एक आकडा असतो. महिन्याची पहिली तारीख एका चौकटीत लिहायची आणि शेजारच्या चौकटीला सांगायचं, मागची अधिक एक. बस. महिना आपोआप उभा राहतो, तीसचा की एकतीसचा ते त्याचं तो बघतो. कामाचे दिवस मोजायचा जो फॉर्म्युला आहे त्यात पंधरा हा आकडा टाकला की तो फक्त गुरुवार सुट्टीचा धरतो. कुठल्या दिवसाला लाडीगोडी नाही, कुठला दिवस जड नाही की हलका नाही. ज्या बाईनं जन्मभर प्रत्येक पापडाची घासाघीस केली तिला हे किती निवांत वाटलं असेल! भाव ठरलेला, सगळ्यांना एकच.

त्यात मी माझी हुशारी घातली. एका तारखेला एका नावाची एकच हजेरी धरायची. कोणी दोनदा नाव दाबून दोन रोज मागू नये म्हणून. आणि एखादीचं नाव सलग आठवडाभर आलं नाही तर तिची ओळ आपोआप लाल व्हायची आणि पुढं ‘नाव कमी’ असं यायचं. त्याला कारण होतं. कापूस फुटला की काही बाया न सांगता वेचणीला जायच्या आणि वेचणी संपली की मधले दिवस नसल्यासारख्या येऊन बसायच्या. दर शनिवारी मी या शीटचा फोटो काढून बायांच्या ग्रुपवर टाकणार होते, म्हणजे कोणाची तक्रार असेल तर त्याच दिवशी कळेल. हे मला फार न्यायाचं वाटलं होतं.

दाराशी टॅब लावला. त्यावर सगळ्यांची नावं. आलं की आपलं नाव दाबायचं. पहिल्या दिवशी मावशी रजिस्टर घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

“याले हाक माराले नाई लागत?” तिनं विचारलं.

“नाई. जिचं तिनं दाबायचं.”

तिनं रजिस्टर माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “बरं झालं माय. माह्या गळ्याले आराम.” तिच्या डोक्यावरचं एक ओझं कमी केलं याचा मला आनंद झाला होता.

तो पहिला महिना अजून संपला नव्हता तेव्हा तिच्या लेकीचा फोन आला. लेक साखरखेर्ड्याला दिलेली. सातवा महिना चालू होता, अंगावर सूज आली होती, आणि चिखलीच्या डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठू नको म्हणून सांगितलं होतं. मावशी दुपारी केबिनच्या दारात आली आणि पोरीकडं जाऊन येते म्हणाली. मी नागपूरच्या व्यापाऱ्याशी फोनवर होते. हातानंच ‘जा’ म्हटलं. किती दिवस ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी नागपूरला गेले. व्यापारी कसलेला होता. तीन बैठका झाल्या. शनिवारी दोन बैठकांच्या मधे मी मोबाइलवर शीट उघडलं, तयार मालाचा आकडा बघितला, काम कुठं कमी दिसलं नाही, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकून दिला. टाकल्यावर मोठा करून पाहिला. एक ओळ लाल होती. मावशीची. पुढं ‘नाव कमी’.

मी फोटो लगेच काढून टाकला. तिथं ‘हा मेसेज काढून टाकला आहे’ अशी ओळ राहिली, ती तर जास्तच वाईट दिसत होती. मला वाटलं आता तिचा फोन येईल. ती भांडेल, मी भांडेन, आणि मिटेल. मी वाट पाहिली. फोन आला नाही. मी केला नाही. सौदा नागपुरात चालू होता आणि तिथली सवय इथंही लागू झाली, दुसरं काय.

परत आल्यावर पहिली गोष्ट माझ्या लक्षात आली ती ही की काम अजिबात अडलं नव्हतं. मावशीचा पोळपाट रोज चालला होता. मी दुपारच्या पाळीतल्या सगळ्यात जुन्या बाईला विचारलं की मावशी नाही तर तिचं काम कोण करतं आहे.

“आम्हीच,” ती म्हणाली.

“तुम्ही त तुमचं केलं.”

“आमचं बी केलं, तिचं बी. सावड होती तिची आमच्यावर.”

सावड हा शब्द मी ऐकला होता. वावरातला. आज तुम्ही माझ्या वावरात निंदायला या, उद्या मी तुमच्या येईन, रोज कोणी कोणाला द्यायचा नाही. पण मी शेत नसलेल्या घरातली. हा शब्द पापडाच्या कारखान्यात शिरलेला असेल हे मला कुठून कळावं? त्या बाईनं मग शांतपणे सांगितलं. सकाळच्या पाळीतलीला घरी राहायचं असलं की दुपारची बाई तिच्याऐवजी सकाळीही उभी राहते, मग स्वतःची पाळी करते. दुसऱ्या वेळी उलट. महालक्ष्म्यांना वस्तीतल्या बाया दोन्ही पाळ्या उभ्या राहायच्या आणि भीमजयंतीला बाकीच्या. मावशी नाव पुकारायची, आणि जिच्याऐवजी कोणी आलेलं असेल तिच्या नावावर दुसरीच बाई म्हणायची, ‘तिच्यासाठी मी.’ मावशी हजेरी लावायची. रोज जिच्या नावाचा तिलाच मिळायचा. चक्कीच्या आवाजात इतकी वर्षं मला ते दोन शब्द ऐकू आले नव्हते. माझा धाक म्हणून मी जो मिरवत होते तो हा होता.

लेकीला दिवस गेल्याचं कळल्यापासून मावशीनं त्या बायांसाठी खूप पाळ्या काढून ठेवल्या होत्या. बाळंतपणाला लागतील म्हणून. घाई दोन महिने आधी आली एवढंच.

मी विचारलं, “मंग तिचं नाव काऊन नाई दाबलं?”

“तिचं कसं दाबावं, काकू? ती कुठं आली होती? आम्ही आलो, आमचं दाबलं.”

“दोन डाव दाबलं,” मागून दुसरी म्हणाली.

दोन डाव दाबलेलं एकदाच धरायचं, ही माझी हुशारी. मी त्याच दिवशी ते दुरुस्त केलं, त्यांच्या जास्तीच्या पाळ्या मावशीच्या नावावर लावल्या, ओळ पांढरी केली. पण तोपर्यंत मला दुसरंच काही झोंबत होतं. कारखाना माझा, शेड माझं, आणि जिच्यावर सगळं उभं होतं ती गोष्ट एकट्या मलाच माहीत नव्हती. मी तसं म्हटलंही, आणि आवाज चढवून म्हटलं. ती बाई लाटी करता करता म्हणाली, “तुमचं काय अडलं होतं?” ते आजही मला झोंबतं.

लेकीला मुलगी झाली. थोडी आधी झाली, पण दोघी सुखरूप. बारसं झाल्यावर मावशी एका दुपारी कारखान्यात आली. मी तिला केबिनमध्ये बसवलं. नाव आहे तसं आहे, उद्यापासून ये, असं मी म्हटलं.

“नाव तू नाई काढलं हे मले ठाऊक आहे,” ती म्हणाली. “त्या कॉम्प्युटरनं काढलं.”

“मंग झालं त.”

“झालं कसं, बाई? माह्या हातात मोबाइल होता, मले चष्मा सापडेना. तू फोटो पुसायच्या आधीच पोरीच्या सासूनं ‘नाव कमी’ वाचून दाखवलं. दवाखान्यात, पलंगापाशी. म्हणे, तुमाले काढलं वाटते.”

मला तिथं काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “बरं. सांग, तुले काय पाह्यजे.”

“काही नाई.”

कसलेला खरेदीदार भाव असाच सुरू करतो. काही नको म्हणतो, उठून उभा राहतो, दारापर्यंत जातो. मी शेकडो वेळा हे पाहिलं होतं आणि स्वतः केलंही होतं. तिला पाळीची मुकादम करायचं, रोज वाढवायचा, हे मी मनात ठरवलेलं होतं. तिनं फक्त तोंड उघडायचं होतं. मी थांबले. ती उठली. फळीवर सगळ्यांची लाटणी ठेवलेली असतात, जिचं तिचं, कोणी दुसरीचं घेत नाही. तिनं तिचं लाटणं उचललं, पदरात गुंडाळलं. मी अजून थांबलेच होते. ती फाटकाबाहेर गेली तेव्हाही मला वाटत होतं की ती वळेल.

त्यानंतर मी शीटमध्ये एक नवा रकाना केला. त्याचं नाव सावड. कोणासाठी कोण उभी राहिली ते निवडायचं, की फॉर्म्युला जिची हजेरी तिला लावणार आणि कोणाचे कोणावर किती दिवस राहिले तेही दाखवणार. फार सुंदर झालं होतं. अकोल्याच्या सॉफ्टवेअरवाल्याला जमलं नसतं. पण बायांनी त्याला हात लावला नाही. एकमेकींवरचे दिवस असे उघड्यावर दिसायला लागल्यावर त्यांना लाज वाटायला लागली असावी. ज्या आजवर मनातच मोजत होत्या त्या आता सांभाळून राहायला लागल्या. हळूहळू त्यांनी सावड सोडली आणि सुट्टीचे अर्ज द्यायला सुरुवात केली. यंदा महालक्ष्म्यांच्या दिवशी माझ्या कारखान्यात अर्धे पोळपाट उभे करून ठेवलेले होते.

मावशी मात्र मधल्या काळात परत आली होती, माझ्यासाठी नाही. तिनं साठवलेल्यापेक्षा जास्त पाळ्या बायांनी तिच्यासाठी काढल्या होत्या. आता ती लेकीकडंच राहत होती, आणि त्या फेडायला तिथून यायला लागली. साखरखेर्ड्याहून चिखलीला यायचं, तिथून खामगावची गाडी धरायची, रात्री वस्तीतल्या घरी मुलाकडं मुक्काम, आणि सकाळी पदरातलं लाटणं काढून कोणाच्या तरी जागेवर बसायचं. टॅबवर ती नाव दाबत नसे. जिच्यासाठी आली तिची चौकट रिकामी दिसायची, आणि मी तिथला फॉर्म्युला खोडून हातानं ‘हजर’ लिहायची. ती मला बघून ‘बरी आहे ना, बाई’ म्हणायची. मी ‘बरी आहे’ म्हणायची.

एकदा दुसऱ्या चहाच्या वेळी मी पाहिलं की तिनं कप घेतला नाही. मी तिथवर गेले आणि विचारलं की चहा काऊन सोडला.

“दुसरा चहा हजेरीवाल्यायचा आहे,” ती म्हणाली. “मी कुठं तुह्या हजेरीत आहे?”

“चहाचे पैसे मांगून राह्यली का मी तुले?”

“नाई ना. म्हणून त घेत नाई.”

बाया हसल्या नाहीत. मी केबिनमध्ये जाऊन दार लावलं. तिनं नुसतं म्हटलं असतं की पाणी तरी गरम करून दे, तर मी तिच्या पाया पडले असते. पण ते तिनं म्हणावं, असं मला वाटत होतं. आधी तिनं.

मग ती यायची थांबली. आठवडा गेला, दुसरा गेला. सकाळच्या पाळीतल्या एका बाईला मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली की फिटले मावशीचे, शेवटचा दिवस माझ्यासाठीच होता. त्या दिवशी मावशी जाताना केबिनच्या दारात येऊन उभी राहिली होती, हे मला तेव्हा आठवलं. मी फोनवर होते. हातानं ‘थांब’ केलं. ती थोडी थांबली आणि गाडीची वेळ झाली म्हणून गेली असावी. शीटमध्ये मी सगळ्यांचे सगळे दिवस बसवले होते. तो दिवस शेवटचा आहे हे मला कुठूनही कळलं नसतं.

पोळा झाल्यावर एका बुधवारी मी साखरखेर्ड्याला गेले. पत्ता बायांनी दिला. मावशीच्या लेकीचं घर बाजाराच्या पुढं आहे, समोर अंगण, अंगणात बाजेवर जुनं लुगडं टाकून पापड वाळत घातलेले. मावशी चिडलेली नव्हती, हे मला जास्त जड गेलं. तिनं चहा केला. कप संपल्यावर तिनं पातेल्यातला उरलेला परत माझ्या कपात ओतला आणि म्हणाली, “घे. दुसरा.”

मी म्हटलं, “मावशी, ये ना परत.”

जन्मात पहिल्यांदा मी आधी बोलले होते. तिनं ते ओळखलं.

“कशाले येऊ, बाई? बायायचं फिटलं. माह्यं तुह्याकडं काही राह्यलं नाई, तुह्यं माह्याकडं नाई.”

“मंग एक दिवस उसना दे मले.”

“सावडीत आधी द्या लागते,” ती म्हणाली. “मंग मांगा लागते.”

आत लेक बाळाला घेऊन निघायच्या तयारीत होती. बाळाला डोस द्यायचा होता आणि मावशीला तिच्याबरोबर जायचं होतं, पण पीठ तिंबून ठेवलेलं होतं, आणखी उशीर झाला तर ते वाया जाणार होतं. मी पदर खोचला आणि म्हटलं की तू जा, मी लाटते. ती म्हणाली की तुला आता जमणार नाही. मी म्हटलं की पोळपाट कुठं आहे ते सांग. ती थोडी घुटमळली. मग तिनं तिचं लाटणं माझ्या हातात दिलं.

कित्येक वर्षांत मी लाटी हातात घेतली नव्हती. मी पापड मोडून दाखवते, भाव करते, शीट बघते. हात विसरले होते. पहिले पापड पोळपाटालाच चिकटले. मग तेल लावलं, लाट्या लहान केल्या, आणि मांडी अवघडेपर्यंत बसले. चिखलीची दुपारची गाडी गेल्याचं मला हॉर्नवरून कळलं. शेजारची एक बाई कुंपणावरून विचारून गेली की तुम्ही कोण. मी म्हटलं, मावशीसाठी आले.

त्या परत आल्या तेव्हा उन्हं उतरली होती. मावशीनं माझा एक पापड उचलून उजेडाकडं धरला. “याच्यात त आख्खा बुलढाणा जिल्हा दिसून राह्यला, बाई,” ती म्हणाली. “हे पाह्य, इकडं हे शेगाव.” लेक हसली, मीही हसले. मी पुन्हा विचारलं नाही. शेवटच्या गाडीपर्यंत ती रस्त्यावर माझ्यासोबत उभी राहिली, बाळाला खांद्यावर घेऊन.

त्यालाही आता बरेच दिवस झाले. नागपूरचा सौदा चालू आहे, शीट दर महिन्याला आपोआप उभं राहतं. मावशीची ओळ मी ठेवली आहे आणि लाल करायचा नियम काढून टाकला आहे. दुकानदार काय म्हणतात ते मी आता ऐकून घेते, सगळंच नाही, पण बरंचसं.

माझा एक दिवस तिच्याकडं आहे. तो कधी फेडायचा हे तिनं ठरवायचं, मी मागायचा नाही, एवढं मला सावडीतलं कळलं आहे. पाळी सुरू व्हायच्या वेळी मी हल्ली चक्की थोडी उशिरा चालू करायला सांगते, दारातलं बोलणं केबिनपर्यंत ऐकू यावं म्हणून.